२६० दिवस, एक वही : चोलकिह मोजताना झालेल्या चुकांची नोंद

ही वही केत्सालतेनांगोत लिहिली. ग्वातेमालाच्या पश्चिमेच्या डोंगरांतलं हे थंड शहर, इथले लोक त्याला शेला म्हणतात. बायकोची वर्षभराची नेमणूक इथे आहे. माझं काम पुण्याच्या ऑफिसच्या वेळेने, म्हणजे रात्री, त्यामुळे दिवस बराचसा मोकळा. या भागातले कीचे माया लोक २६० दिवसांची एक मोजणी पाळतात, तिला चोलकिह म्हणतात. ती रोज पाळायची, सकाळी दिवसाचं नाव बघायचं आणि त्यातून त्या दिवसापुरता काही मार्ग दिसतो का ते लिहून ठेवायचं, एवढाच बेत होता. कुणाला असंच करून बघायचं असेल तर माझ्या चुका त्याच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून नोंदी जवळपास जशाच्या तशा ठेवल्या आहेत. तारखेपुढे त्या दिवसाचं नाव आहे. सुरुवातीची नावं मागाहून दुरुस्त केली आहेत.

१४ एप्रिल २०२४ — २ ए

वही घेतली, ३५ केत्साल. (एक केत्साल म्हणजे आपले पावणेअकरा रुपये.) पानाचे दोन भाग केले : डावीकडे सकाळी दिवसाचा अर्थ, उजवीकडे रात्री काय घडलं ते.

मोजणी समजायला सोपी आहे. १ ते १३ आकडे आणि २० नावं, दोन्ही रोज एकेक पाऊल पुढे. आपल्याकडे वार आणि तारीख जोडीने चालतात तसं. १३ गुणिले २० म्हणजे २६० दिवसांनी तीच जोडी पुन्हा येते. पंचांगासारखी तिथीची वृद्धी नाही, क्षय नाही, अधिक महिना नाही. मला वाटलं, यात चुकण्यासारखं काय आहे?

फोनवर एक फुकटचं अ‍ॅप उतरवलं. आज '७ योद्धा' आहे म्हणे. माझी जन्मतारीख १२ जुलै १९७९ घातली, तर '१२ सूर्य' आलं. सूर्य! बायकोला लगेच सांगितलं. ती म्हणाली, "मग भांडी घास, सूर्या."

२० एप्रिल — ८ तिहाश

सहा दिवसांच्या नोंदी बाद.

मिनेर्वा बाजारात मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंच्या दुकानात भिंतीवर छापील कॅलेंडर टांगलं होतं. रोजच्या चौकटीत कीचे दिवसाचं चिन्ह. त्यातला आजचा दिवस आणि माझ्या अ‍ॅपमधला दिवस काही केल्या जुळेना. बाईंना फोन दाखवला. त्यांनी मान हलवली आणि बोटांवर मोजून दाखवलं.

घरी येऊन खोदलं. अ‍ॅप 'ड्रीमस्पेल' नावाच्या नव्या मोजणीने चालतं. ती १९९० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली आणि २९ फेब्रुवारी मोजतच नाही. डोंगरातली मोजणी एकही दिवस सोडत नाही. आजघडीला दोघींत ४४ दिवसांचा फरक आहे. त्यामुळे माझा 'सूर्य'ही गेला. खरा दिवस ८ कात. कात म्हणजे जाळं, आणि जाळ्याबरोबर येणारं कर्ज, गुंता, अडकणं. बायकोला हे दोन दिवस सांगितलं नाही.

कुठलंही अ‍ॅप वापरण्याआधी एक तारीख घालून बघा : २१ डिसेंबर २०१२ ला ४ आहपू आला पाहिजे. (युकातेक या दुसऱ्या माया भाषेत हाच दिवस ४ आहाउ.) ज्या दिवशी जग बुडणार म्हणून आपल्या वाहिन्यांनी दिवसभर दळण दळलं, तोच दिवस. नाही आला तर अ‍ॅप काढून टाका.

मनाला खुपलं ते वेगळंच. त्या सहा चुकीच्या दिवसांच्या उजव्या बाजूला मी चार ठिकाणी 'तंतोतंत!' लिहिलं होतं.

२८ एप्रिल — ३ कामे

पुस्तकांत दोन दातेरी चाकांचं चित्र असतं ना, १३ दात्यांचं आणि २० दात्यांचं, तसं लाकडी करावं म्हटलं. गल्लीच्या टोकाच्या सुताराकडून एमडीएफ कापून घेतलं, ६० केत्साल.

पहिली चूक : दोन्ही चाकं १२ सेंटिमीटर व्यासाची सांगितली. एकाचे दाते जवळपास तीन सेंटिमीटरवर, दुसऱ्याचे दोनपेक्षा कमी. एकमेकांत बसणार कसे? दाते बसायचे तर दोन दात्यांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. २ सेंटिमीटर धरलं तर एका चाकाचा घेर २६ आणि दुसऱ्याचा ४०, व्यास ८.३ आणि १२.७. परत ६० केत्साल. सुतार चिडला नाही, फक्त या वेळी पैसे आधी मागितले.

दुसरी चूक रंगवून झाल्यावर कळली. आकडे आणि नावं दोन्ही मी घड्याळाच्या दिशेने लिहिली. पण एकमेकांत अडकलेली चाकं उलटसुलट फिरतात. मोठं चाक एक दिवस पुढे गेलं की लहान एक आकडा मागे. एका चाकावरचा क्रम उलट लिहायला हवा होता. सगळं खरवडून पुन्हा रंग. पूर्ण रविवार गेला.

ते चाक आता दारामागे आहे आणि बरं फिरतं. पण हे चित्रच मुळात पुस्तकवाल्यांची सोय आहे. इथले मोजणारे चाक वापरत नाहीत, बोटं वापरतात. मला आधी कुणी सांगितलं असतं तर १२० केत्साल वाचले असते.

३ मे — ८ बात्स

आज वाहशाकिब बात्स, म्हणजे आठ बात्स. कीचे भागात हा मोठा दिवस. नव्या आहकिहांना, म्हणजे दिवस सांभाळणाऱ्यांना, याच दिवशी दीक्षा मिळते. मोमोस्तेनांगो त्यासाठी प्रसिद्ध (आणि लोकरीच्या घोंगड्यांसाठीही). मोजायची सुरुवात आजपासून, आणि तिथूनच, असं ठरवलं होतं.

शेलाहून अंतर फार नाही. सकाळी साडेसहाची बस धरली. मध्ये सान फ्रान्सिस्को एल आल्तो लागतं. तिथला बाजार शुक्रवारी भरतो, देशातल्या मोठ्यांपैकी एक. आज शुक्रवार. बस मेंढ्या, ट्रक आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांत पावणेदोन तास उभी. मायांचा वार बघून निघालो, पण साधा वार बघितला नाही!

पोचलो तेव्हा टेकडीवरच्या बहुतेक जागांवर राख उरली होती. एका बाजूला एक कुटुंब आवरत होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आहकिहांनी मला राखेजवळ बसू दिलं. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'तात' म्हणतात, बाईला 'नान'. मराठी माणसाला तात म्हणायला शिकवावं लागत नाही. कुळाच्या वतीने दिवस सांभाळणारा जो असतो त्याला 'चुचकाहाव' म्हणतात, शब्दशः आई-बाप. आपण मायबाप म्हणतो तसं.

तातांना मोडक्या स्पॅनिशमध्ये बेत सांगितला. ते म्हणाले, "मोजा. मोजून झालं की या." मला वाटलं आशीर्वाद दिला. आता वाटतं, कटवलं.

८ मे — १३ आहमाक

सोयीसाठी स्प्रेडशीट केली होती. आज तिने '० आहमाक' दाखवलं. १३ ने भागल्यावर बाकी शून्य उरते हे शाळेत शिकलेलो मी विसरलो. दुरुस्ती अशी : २१ डिसेंबर २०१२ पासून किती दिवस झाले ते काढा, त्यात ३ मिळवा, १३ ने भागा, बाकीत १ मिळवा. हा आकडा. नावासाठी दिवस २० ने भागून नुसती बाकी घ्या आणि आहपूला ० धरा, इमोशला १, असं पुढे.

नावांचा गोंधळ वेगळाच. देवनागरीत लिहिताना कीचेतले तीन-चार 'क' एकाच क मध्ये कोंबावे लागले. ते घशातून आणि अडवून म्हणतात, आपल्याकडे त्याला अक्षर नाही. उलट 'बात्स'मधला शेवटचा उच्चार चाक-चूलमधल्या 'च'च्या इतका जवळ आहे की इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा मला तो सहज जमला. पण 'कान' म्हणजे साप आणि 'कात' म्हणजे जाळं. मराठी डोक्यात साप आणि कात असे घट्ट बसलेत की दोन्ही पानांवर अर्थ उलटेपालटे लिहिले गेले. आणि 'कामे' हा मृत्यूचा, पूर्वजांचा दिवस. माझ्या वहीत त्याच शब्दाखाली किराणा आणि गॅसचं बिल होतं.

२१ मे — १३ तोह

आज दुपारी एक वाजता शीट उघडली तर '१ त्सि'. सकाळी १३ तोह होतं. दिवस दुपारी साडेबाराला कसा बदलला?

लॅपटॉप ऑफिसचा, घड्याळ पुण्याचं. पुणे शेलाच्या साडेअकरा तास पुढे. इथे साडेबारा वाजले की तिथे मध्यरात्र. पहिल्या दिवसापासून संध्याकाळची प्रत्येक नोंद मी दुसऱ्या दिवसाच्या नावाशी ताडून लिहीत होतो. कारण रात्री शीट उघडून, तिच्यात दिसेल तो अर्थ वाचून मग उजवी बाजू भरायची, ही सवय लागली होती. घड्याळ बदललं. एका मिनिटाचं काम, अठरा दिवस गेले.

याही नोंदी 'जुळत' होत्या. उदाहरणार्थ १५ मे. सकाळचा दिवस ७ अकाबाल, पहाट, नवी सुरुवात. रात्री शीटमध्ये ८ कात दिसत होतं. मी लिहिलंय : 'बँकेच्या कागदांत दिवसभर अडकलो. जाळंच!' त्याच कागदांनी इथलं खातं उघडलं गेलं, म्हणजे 'नवी सुरुवात' असंही सहज लिहिलं असतं.

६ जून — ३ कान

घरात कोपाल जाळायचं बंद. ही झाडाची राळ इथे धूप म्हणून जाळतात, पुडा १५ केत्साल, वास सुंदर, पण छताला काळा डाग पडला. घरमालकीणबाई इव्हांजेलिकल या ख्रिस्ती पंथाच्या. डागाचं त्यांना काही नव्हतं. त्या म्हणाल्या, रंग देता येईल, पण शेजाऱ्यांना वाटेल इथे काहीतरी करणी चाललीय.

मी हसलो. ते हसण्यासारखं नव्हतं. २०२० मध्ये याच तारखेला, पेतेन प्रांतातल्या सान लुईसजवळच्या खेड्यात दोमिंगो चोक या केक्ची माया वैदूला, आध्यात्मिक मार्गदर्शकाला, जादूटोण्याच्या आरोपावरून लोकांनी जिवंत जाळलं. औषधी झाडांचा तो जाणकार होता. बाईंनीच हे सांगितलं, आवाज खाली आणून. मग म्हणाल्या, त्यांची आई बोटांवर दिवस मोजायची, मका कधी पेरायचा तेही त्यावरच ठरायचं. त्यांनी स्वतः सोडलं. "माझ्या मुलीला माहीतसुद्धा नाही," एवढं बोलून त्या कपडे वाळत घालायला गेल्या.

यापुढे घरात फक्त एक मेणबत्ती. परक्या देशात हौस म्हणून करतो आहोत आणि त्याची झळ दुसऱ्याला लागू शकते, हे माझ्या बेतात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

१२ जून — ९ बात्स

दोनदा चुकीच्या दिवसाने 'बरोबर' सांगितल्यावर तपासणं भाग होतं. बायकोने युक्ती काढली. पुढचे वीस दिवस वीस पाकिटं. प्रत्येकात दिवसाच्या अर्थाची चिठ्ठी, नाव न लिहिलेली. दहा पाकिटांत त्या त्या दिवसाचा खरा अर्थ, दहांत भलत्याच दिवसाचा. कुठलं कुठे ते फक्त तिला माहीत. मी सकाळी पाकीट फोडायचं, रात्री पाचपैकी गुण द्यायचे. वीस दिवस शीट बघायची नाही, दारामागचं चाकही नाही.

अडचण : इतक्या दिवसांत वीसपैकी बरेच अर्थ पाठ झालेले. म्हणून तिने ते स्वतःच्या शब्दांत, गोल गोल करून लिहिले. तिला राशिभविष्याची भाषा इतकी झकास येते हे लग्नाला सतरा वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

२ जुलै — ३ बात्स

पाकिटं संपली. दहा खऱ्यांना माझे एकूण गुण ३४, दहा खोट्यांना ३६.

आणखी काही लिहिण्यासारखं नाही. वही बंद करून कपाटात.

२० जुलै — ८ तोह

मधले अठरा दिवस डावी बाजू कोरी आहे. दिवसाचं नाव तेवढं लिहीत होतो, सवयीने.

आज शनिवार, बाजाराची अडचण नाही, म्हणून मोमोस्तेनांगोला गेलो. तातांना शोधायला तासभर लागला. पाकिटांचा प्रकार सांगितला. रागावतील असं वाटलं होतं. ते मनापासून हसले आणि बायकोला घेऊन का आलो नाही असं विचारलं.

मग त्यांनी लाल बियांची थैली काढली. त्सिते, आपल्या पांगाऱ्याच्या कुळातल्या झाडाच्या बिया. मला वाटलं होतं बिया टाकल्या की उत्तर येतं. तसं नाही. आधी प्रश्न नीट विचारायचा, मग मूठभर बिया घेऊन चार-चारांच्या ढिगांत मांडायच्या, मग त्या ढिगांवरून दिवस मोजत जायचं आणि मोजताना अंगात काय हलतं तेही बघायचं. दिवसाचा अर्थ प्रश्नावर, विचारणाऱ्यावर आणि मोजणाऱ्याच्या शरीरावर ठरतो. चिठ्ठीत मावेल अशी एक ओळ त्यात नसतेच. माझ्या तपासणीत नापास झाली ती ती ओळ.

जन्माचा प्रश्नही विचारला. मी पुण्यात पहाटे पाच चाळीसला जन्मलो. तेव्हा इथे आदल्या संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मग मी ८ कात की ७ अकाबाल? तात म्हणाले, "तुमच्या आईने कुठला सूर्य पाहिला?" कीचेत 'किह' म्हणजे सूर्यही आणि दिवसही. प्रश्न मिटला. ८ कात. जाळं आणि कर्ज.

निघताना त्यांनी विचारलं, आज तोह आहे, कुणाचं काय देणं आहे? मी म्हटलं, मी तर दिवसाला विचारायला आलो होतो. ते म्हणाले, तुम्ही रोज सकाळी त्याच्याकडे मागता, त्याला दिलं काय? तोह म्हणजे फेडणं.

परतीच्या बसमध्ये आठवत गेलो. २०११ मध्ये कॉलेजातल्या एका मित्राकडून ४००० रुपये घेतले होते, हॉस्पिटलच्या धावपळीत. त्याने कधी मागितले नाहीत, आणि त्या न मागण्यामुळे मीच त्याला टाळू लागलो. रात्री पाठवले. त्याचं उत्तर आलं : 'कोण मेलं?' मग दीड तास बोललो.

२१ जुलै — ९ त्सि

पद्धत बदलली. पानाच्या डाव्या बाजूला आता अर्थ नाही. त्या दिवसाला काय करायचं ते. वीस नावांना वीस कामं, बरीचशी तातांनी सांगितलेली, काही मेणबत्तीवाल्या बाईंनी. तोह : देणं फेडायचं. आहमाक : क्षमा मागायची, गेलेल्यांची आठवण. कामे : पूर्वजांची नावं मोठ्याने घ्यायची. ए : वाट, कुठेतरी पायी जायचं. नोह : एक निर्णय डोक्यात घोळवायचा, तोंड बंद ठेवायचं. तिहाश : सुरीचा दिवस, जे तोडायला हवं ते तोडायचं आणि उगाच भांडण अंगावर घ्यायचं नाही. त्सिकिन : पक्षी आणि पैसा, घरचा हिशोब. कानिल : बीज, कुंडीत काहीतरी लावायचं. आकडा लहान तर काम हलकं, अकराच्या पुढे गेला की जड. सात-आठ-नऊ मधले, समतोल.

'जुळलं का' हा प्रश्न उजव्या बाजूने काढून टाकला. तिथे आता 'केलं' किंवा 'नाही केलं'.

११ ऑगस्ट — ४ बात्स

सहा दिवस ताप. पावसाळा, रोज दुपारी झोडपतो, घर ओलं. वही उघडली नाही. उठल्यावर शीट न बघता मोजणी परत जुळवता येते का पाहिलं. खूण सोपी आहे : तेच नाव वीस दिवसांनी परत येतं तेव्हा आकडा सातने पुढे गेलेला असतो, तेरा ओलांडले तर तेरा वजा. ८ बात्स, मग २, मग ९, ३, १०, आज ४. कितीही दिवस बुडाले तरी यावरून पाच मिनिटांत ठाव लागतो.

२५ सप्टेंबर — १० आहमाक

हे काम मी दोनदा टाळलं आहे. १६ ऑगस्टला, ५ सप्टेंबरला, आणि आज सकाळीही टाळणारच होतो.

आहमाकला इथले लोक दफनभूमीत जातात, पूर्वजांकडे आपल्या आणि त्यांच्याही चुकांची क्षमा मागतात. पुण्यात पितृपक्ष चालू आहे, आज नवमी. आई बाबांच्या आधी गेली, म्हणून आमच्याकडे अविधवा नवमीलाच तिचं श्राद्ध. दादाशी माझं दीड वर्ष बोलणं नाही. घराच्या वाटणीवरून मी त्याला जे बोललो ते वकिलासमोर बोललो.

सकाळी सात वाजता, तिकडे संध्याकाळचे साडेसहा, फोन लावला. वाक्य पाठ केलं होतं. त्याने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "अरे, आत्ताच वहिनी म्हणत होती, धाकट्याने तिकडे आईचं पान ठेवलं असेल का. ठेवलंस का?" ठेवलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं. नाही म्हटलं. मग पाठ केलेलं वाक्य अर्धवट म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं. जेवलास का?" तिथे जेवायची वेळ नव्हती, इथेही नव्हती.

दुपारी भात, वरण आणि इथल्या भोपळ्याची भाजी करून पान गच्चीवर ठेवलं. कावळा नाही. साळुंकीएवढा काळा चकचकीत पक्षी आला, लांब शेपटीचा, त्याने भात उचलला. घरमालकीणबाई जिन्यातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, एक केळं आणून शेजारी ठेवलं.

उजव्या बाजूला : केलं.

१ नोव्हेंबर — ८ आह

घरून कुटुंबाच्या ग्रुपवर दोन दिवस घोळ : लक्ष्मीपूजन ३१ ला की आज? या पंचांगात हे, त्या पंचांगात ते, काकांनी तर दोन्ही दिवशी करा असा निकाल दिला. इथे मात्र प्रश्न नाही. आज ८ आह. काल ७ ए होतं, उद्या ९ इश.

शेलाची दफनभूमी माणसांनी भरलेली. थडगी रंगवलेली, झेंडूच्या माळा, वर पतंग. आह हा घराचा, कुटुंबाचा दिवस. पणत्या नाहीत, म्हणून काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्या दारात लावल्या, दहा, २० केत्साल. खालच्या मजल्यावर दोन ठेवल्या.

९ डिसेंबर — ७ बात्स

हिशोब. वही, चाकं (दोनदा), रंग, कोपाल, मेणबत्त्या, बसभाडं, तातांना दिलेलं : सगळं मिळून ६४० केत्साल, सुमारे ६९०० रुपये. त्यातले निम्मे टाळता आले असते. मित्राचे ४००० यात धरलेले नाहीत.

२१ जुलैपासून आजवर १४२ दिवस. केलं : ९७. नाही केलं : ३९. ताप : ६. सर्वांत जास्त चुकलेला दिवस नोह. गप्प बसणं मला जमत नाही.

१८ जानेवारी २०२५ — ८ बात्स

शनिवार. पहाटे साडेचारला निघालो, या वेळी बायकोही. टेकडीवर अंधार आणि हाडं गोठवणारी थंडी. तात जमिनीवर साखरेने वर्तुळ काढत होते, त्यात फुली. पूर्वेला लाल मेणबत्त्या, पश्चिमेला काळ्या, उत्तरेला पांढऱ्या, दक्षिणेला पिवळ्या, मध्ये निळी आणि हिरवी. वर कोपाल, चॉकलेट, तीळ. मग आग.

आगीसमोर ते दिवसांना एकेक करून हाक मारू लागले. बात्स, एकपासून तेरापर्यंत. ए, एकपासून तेरापर्यंत. वीसही नावं. प्रत्येक हाकेला कुणी ना कुणी आगीत काही टाकत होतं. आपल्याकडे संकल्प सोडताना अमुक तिथी, अमुक वासर म्हणतात, तेव्हा गुरुजी भरभर म्हणून टाकतात आणि आपण हातात पाणी धरून कंटाळतो. इथे दोन तास नुसतं तेच, आणि कुणी कंटाळलेलं नव्हतं. कात आला तेव्हा तातांनी माझ्याकडे बघितलं. मी मेणबत्ती टाकली. तोह आला तेव्हा बायकोने मला कोपराने ढोसलं.

दीक्षा घेणारे तिघे होते. त्यांचं शिक्षण याच २६० दिवसांत झालेलं. मी त्यांच्यातला नाही आणि तातांनी तसं कधी सुचवलंही नाही. आवरताना त्यांनी विचारलं, "आज काय?" शीट न बघता बोटांवर मोजून सांगितलं, वाहशाकिब बात्स.

"उद्या?"

"बेलेहेब ए."

"चालत जा कुठेतरी," ते म्हणाले, आणि बायकोला विचारलं, ती पाकिटं अजून आहेत का.

१९ जानेवारी — ९ ए

वही काल संपली. आज रविवार, वह्यांचं दुकान बंद. हे मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहितो आहे. चालत निघालो आहे, बूट अजून ओले आहेत.